गबरूच्या वाटचं ऊन

आता हे कोणाला पटणार नाही, आणि ज्याला पटेल त्यानं चंद्रपूर पाहिलेलंच नाही असं खुशाल समजावं. पण मीराबाई दुर्गे नावाच्या बाईनं चंद्रपुरात अख्खा उन्हाळा, नवतप्यासकट, कूलरशिवाय काढला. गरिबीपायी नाही, कोणाच्या सांगण्यावरून नाही. चहाच्या कपात मावेल एवढ्या एका रोपट्यापायी.

चंद्रपूरचा उन्हाळा ज्यांनी भोगला नाही त्यांच्यासाठी दोन शब्द सांगायला हवेत. इथं एप्रिल अर्धा झाला की सावलीसुद्धा सावली शोधत झाडाखाली येऊन बसते. डांबरी रस्ता येणाऱ्या-जाणाऱ्याची एकेक चप्पल ठेवून घेतो आणि पावसाळ्यात परत करतो. आणि नवतपा म्हणजे मे सरतानाचे ते नऊ दिवस, जेव्हा सूर्य बाकी मुलखाला सुट्टी देऊन एकट्या चंद्रपुरावर ड्युटी करतो. म्हणून होळी झाली की इथला माणूस पहिलं काम करतो ते कूलर काढण्याचं. कूलरच्या जुन्या गवती ताट्या फेकायच्या, खसाच्या, म्हणजे वाळ्याच्या, नव्या ठोकायच्या, खिडकीबाहेरच्या लोखंडी स्टँडवर कूलर चढवायचा आणि उरलेल्या फटी प्लायवुडनं बुजवून टाकायच्या. त्या दिवसापासून पावसापर्यंत खिडकीतून हवा येते, उजेड येत नाही. भर दुपारी ट्यूबलाइट लावून जेवायचं. याची कोणाला खंत नाही. ऊन म्हणजे वैरी. वैऱ्याला कोणी खिडकी उघडून देतं का?

मीराबाईनं दिली.

मीराबाईचा जन्म चामोर्शीकडच्या अंगणवाडीत पोरांना खिचडी आणि गोष्टी वाढण्यात गेला. खिचडी सरकारी होती, गोष्टी घरच्या. ती खोटं बोलत असे असं म्हणणं बरोबर नाही. खऱ्यावर जरा तूप घालून वाढत असे. तिच्या अंगणवाडीच्या दाराशी एक वाघ रोज खिचडीच्या वासानं यायचा आणि हजेरी लावून जायचा, हे चामोर्शीतली निम्मी पोरं आजही शपथेवर सांगतील. मालक गेले, नोकरी संपली, तेव्हा लेक कुलदीप तिला चंद्रपुरात घेऊन आला. तो कोळसा खाणीत, सून रिना एका शाळेच्या ऑफिसात, जिथं उन्हाळ्यातही सुट्टी नसते. पहिल्या मजल्यावरचं घर चांगलं होतं, लेक-सून चांगले होते. पण चांगल्या घरात म्हातारीनं कुठं बसावं, कुठल्या गादीवर झोपावं, चहात किती साखर घ्यावी हे सगळं आधीच ठरलेलं असतं, आणि ठरवणाऱ्यांत म्हातारी नसते.

गबरू आला तो रिनाच्या मैत्रिणीच्या घरभरणीतून. येणाऱ्या प्रत्येकीला तिनं चिनी मातीच्या कपात एकेक सक्युलंट दिलं होतं. फुगीर, मांसल पानं, गुलाबाच्या फुलासारखी एकावर एक बसलेली. रिनानं ते हौसेनं हॉलच्या शोकेसमध्ये, टीव्हीशेजारी ठेवलं आणि त्यावर रोज चमचाभर पाणी घालू लागली.

शोकेसमध्ये उजेड येई तो टीव्हीचाच. बिचारं रोपटं उजेडाच्या शोधात मान लांब करू लागलं. गुलाबासारखी गच्च पानं एकमेकांपासून दूर सरली, मधली दांडी उघडी पडली, रंग उडाला. ते इतकं लांबलं की एका संध्याकाळी त्याचं वरचं पान सिरीयलमधल्या सासूच्या पदराला टेकलं, आणि सासूनं पदर सावरला. पाहणारे होते, विचारून घ्या.

"मेलं वाटते हे," म्हणून रिनानं एके दिवशी कप उचलून कचऱ्याच्या बादलीत टाकला.

मीराबाईनं तो बादलीतून काढला.

"आई, ते सडलं हाये. असू द्या ना," रिना म्हणाली.

"सडलं नाई, अंधारात कोंडलं हाये त्याले," मीराबाई म्हणाली. "कोंडलं तं मानूसबी वाकडंच वाढते. मले दे."

तिनं कपातली ओली माती काढली, मुळं दोन दिवस कोरडी ठेवली, रेती मिसळलेल्या मातीत रोप बसवलं आणि त्याचं नाव ठेवलं गबरू. का, तर नावानं तरी जाड व्हावं.

पुढची चूक मात्र तिची स्वतःची, आणि ती चंद्रपूरकरच करू जाणे. इथल्या माणसाला आपल्या उन्हाचा मोठा अभिमान. आपण सोसतो ना, मग वाळवंटातलं झाड काय चीज आहे? मीराबाईनं ऐकलं होतं की ही झाडं वाळवंटाकडची. "मंग तं हे आपल्या जातीचं," ती म्हणाली, आणि गबरूला शोकेसच्या अंधारातून उचलून तिनं थेट गच्चीवर नेऊन ठेवलं. फेब्रुवारीच संपत होता. पण एका दुपारीत त्याच्या पानांवर भाकरीला पडतात तसे करपट डाग पडले. मीराबाई त्याच्यापुढं उकिडवी बसली आणि तिनं त्याची माफी मागितली.

"उपाशी मानसाले एकदम पुरणपोळी चारली मी," ती शेजारच्या रशिदाला म्हणाली.

मग तिनं घरातल्या खिडक्यांची तपासणी केली. स्वयंपाकघरातली खिडकी समोरच्या भिंतीकडं तोंड करून बसलेली. हॉलची पश्चिमेला, दुपारनंतर तिच्या चौकटीवर पापड भाजावा. लेक-सुनेच्या खोलीचीही तीच गत. उरली तिच्या स्वतःच्या खोलीतली, पूर्वेची. सकाळी समोरच्या कडुनिंबातून गाळून आलेलं कोवळं ऊन त्या खिडकीत उतरत असे आणि गजागजानं सरकत जात असे. आधी तिनं गबरूला काठापासून हातभर आत ठेवलं, मध्ये जुन्या पातळाचा पडदा. मग पडदा काढला. मग हळूहळू काठाशी आणलं. ऊन दुसऱ्या गजावर आलं की त्याचं जेवण सुरू. चौथा गज ओलांडून तापू लागलं की कप उचलायचा आणि आत तिवईवर ठेवायचा, उजेडात पण उन्हाबाहेर. तो खिडकीकडं झुकू लागला की कप थोडा फिरवायचा. पाणी, माती अगदी कोरडी झाली तरच.

होळी येईपर्यंत गबरूच्या मधोमध नवी पानं आली. गच्च, बुटकी, कडेला लालसर. करपलेली खाली वाळून गेली. मीराबाई रोज सकाळी त्याच्याशेजारी चहा पिऊ लागली. चहात साखर तिच्या मनाची. या घरात स्वतःच्या हिशेबानं चालणारी अशी ही एकच गोष्ट होती, आणि तिला तिची गोडी लागली.

मग आला वहाबभाऊ.

वहाबभाऊ म्हणजे रशिदाचा नवरा आणि साऱ्या मोहल्ल्याचा कूलरवाला. ताट्या, पंप, मोटार, स्टँड, सगळं त्याच्या हातचं. त्यानं बसवलेल्या कूलरनं एका घरात म्हणे नवरा-बायकोचं भांडण गोठलं होतं आणि ते पावसाळ्यात वितळून पुन्हा सुरू झालं. तो जिन्यावरून कूलर घेऊन वर आला, मागं कुलदीप स्क्रू धरून.

मीराबाई खिडकीला पाठ लावून उभी राहिली.

"सरका बाई, प्लाय ठोकतो," वहाबभाऊ म्हणाला.

"ह्या खिडकीत कूलर नाई लागत यंदा."

वहाबभाऊनं कुलदीपकडं पाहिलं. कुलदीप हसला. मग आई हसत नाही असं पाहून त्याचं हसू गेलं.

"काऊन वो माय?"

"गबरूले ऊन कुठून येईन?"

"गच्चीवर ठेव त्याले."

"करपते."

"मंग हॉलमंदी ठेव."

"लांबते. आन कूलरच्या ओल्या हवेपुढं ठेवलं तं सडते, हेबी आताच सांगून ठेवते."

"माय, ते झाड हाये! वीस रुपयाचं झाड!" कुलदीपचा आवाज चढला. "आन तू काय हायेस? मागच्या साली आमच्या खाणीतले दोघं ऊन लागून दवाखान्यात पडले. जवान पोट्टे! तुले काई झालं तं लोकं मले काय म्हणतीन?"

"लोकं तुले म्हणतीन, मले कोण काय इचारते?" मीराबाई म्हणाली. "ह्या घरात पंखा कोणत्या नंबरवर फिरन ते तू सांगतोस. टीवी रिना लावते. चांगलं लावते, माही तक्रार नाई. पन ही खिडकी माही हाये. हिच्यात काय येईन आन काय नाई, ते मी सांगन."

"बाई, चाळीस साल झाले मले कूलर लावता लावता," वहाबभाऊ मध्येच बोलला, त्याचा चेहरा पडला होता. "लोकं माह्या पाया पडतेत कूलर लवकर लावा म्हनून. वापस कोनी नाई पाठवलं आजपर्यंत."

"तं मंग मी पयली. चहा घेऊन जा भाऊ."

रिना दारात उभी होती. ती हळूच म्हणाली, "आई, एप्रिलमध्ये तुम्हीच म्हणाल लावा म्हणून."

हे वाक्य बोललं गेलं नसतं तर कदाचित मीराबाई वाटाघाटीला आली असती. पण आता नाही.

"नवतपा संपेपर्यंत काढून दाखवते," ती म्हणाली. "कूलरची एक झुळूक घेनार नाई. काढला तं ही खिडकी कायमची माही; कूलर तिच्याकडं तोंडबी करनार नाई. नाई काढला तं तुमी म्हनान तिथं बसन, म्हनान तशी झोपन, आन गबरूले मी सोताच्या हातानं त्या बादलीत टाकीन."

कुलदीपला माहीत होतं की चंद्रपुरात अशी पैज कोणी जिंकत नाही. म्हणून तो म्हणाला, "ठीक हाये." कूलर खोलीच्या कोपऱ्यात कापड घालून उभा राहिला, पाहुण्यासारखा.

मार्च गेला. एप्रिलचा पहिला भागही गेला. रात्रीला गच्ची होती. ओली चादर अंगावर घेऊन आकाशाखाली झोपलं की भागत होतं. सकाळ गबरूची. पण दुपार! दुपारी कुलदीप खाणीत, रिना शाळेत, आणि खोलीत मीराबाई नि तिचा हट्ट. पंखा फिरे तो तव्यावरची हवा खाली ढकले. माठातलं पाणी पिताना फुंकर मारावी लागे. एका दुपारी तिनं भिंतीला हात टेकला आणि भिंतीनंच हात मागं घेतला. त्या दिवशी तिला उभं राहताना अंधारी आली. ती चौकट धरून खाली बसली, कांदा हुंगला, आणि पहिल्यांदा तिच्या मनात आलं की आपण हरणार. कोपऱ्यातला कूलर कापडाआडून पाहत होता. बटण दाबायला उठावंही लागलं नसतं.

तिनं बटण दाबलं नाही. उठून ती बाहेर गेली आणि शेजारचं दार वाजवलं.

रशिदानं दार उघडलं. तिच्या मागून अशी गार, खसाच्या वासाची हवा आली की मीराबाईच्या डोळ्यांत पाणीच उभं राहिलं.

"या अल्ला, मीराबाई! तोंड कसं झालं हाये तुमचं! या, आत या, पयले आत या."

कूलरवाल्याचंच घर ते. प्रत्येक खिडकीत कूलर. रशिदानं तिला मोठ्या कूलरपुढच्या खाटेवर निजवलं, कैरीचं पन्हं पाजलं, आणि मग कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"झाली ना जिद? आता सांगा तुमच्या पोराले, लावून टाक म्हना."

"नाई."

"मंग मराल."

"तेबी नाई," मीराबाई खाटेवरून म्हणाली. गार हवेनं तिच्यात चामोर्शीची मीराबाई जागी झाली होती. "माह्या खिडकीत कूलर लागनार नाई, हे खरं. बाकीचं खोटं बोलन मी."

रशिदानं आपल्या खिडकीकडं पाहिलं, म्हणजे खिडकी जिथं असायला हवी तिथं लावलेल्या प्लायवुडकडं. "माह्या घरी तं होळीपासून रातच असते," ती म्हणाली. "गल्लीतून कोन गेलं, कोनाची बारात आली, मले आवाजावरून कळते. ह्यांले सांगितलं एक खिडकी ठेवा, तं म्हनते, कूलरवाल्याच्या घरची खिडकी रिकामी दिसली तं गिऱ्हाईक काय म्हनन?" तिनं मीराबाईच्या पायांवर चादर सरकवली. "तुमी जिंका बाई. रोज या. हे तं संध्याकाळपर्यंत येतच नाई घरी, सीजन हाये."

तेव्हापासून रोज घरातली दोघं गेली की मीराबाई दार ओढून शेजारी जाई, तोंडावर पदर घेऊन कूलरपुढं झोपे, आणि रिना यायच्या आधी परत येऊन कपाळावर पाणी शिंपडून घामेजल्यासारखी बसे. अंगणवाडीत तिनं पोरांना नाटकं शिकवली होती. ती वाया गेली नाहीत.

"कशी गेली दुपार?" कुलदीप रोज विचारी.

"गेली बापा. गबरूच्या पानाची हवा येते ना."

हळूहळू ही हवा वाढत गेली. आधी गबरू फक्त गार वाटत होता. मग तो रात्री साठवलेली थंडी दुपारी सोडू लागला. मे लागला तेव्हा त्याच्या पानाला हात लावला तर सर्दी होत होती. कुलदीपला पटलं असं नाही, पण आई धडधाकट होती, गालावर तजेला होता, उलट वजन थोडं वाढलं होतं, आणि तो स्वतः रोज घामोळं खाजवत होता. त्यानं डॉक्टरला विचारलं. डॉक्टर म्हणाले, जुन्या लोकांची हाडं वेगळी. खाणीत त्यानं अभिमानानं सांगायला सुरुवात केली: "आमची माय कूलरशिवाय राहून राह्यली." खाणीतले लोक म्हणाले, खोटं. कुलदीप त्यांच्याशी भांडला.

नवतपा आला. पारा वर चढत चढत नळीच्या टोकाला गेला, बाहेर डोकावला आणि घाबरून परत आत आला. खिडकीत आता ऊन पहिल्याच गजाला चावू लागलं, तेव्हा मीराबाई पहाट फुटली की गबरूला काठावर ठेवी आणि चहा संपायच्या आत उचलून घेई. मधूनच पातळाचा पडदा परत आला. जसं ऊन, तसा वाटा. गबरूनं त्या नऊ दिवसांत शेजारून एक पिल्लू काढलं, कपाच्या कडेनं बाहेर पाहणारं.

नवतपा संपला आणि कुलदीपनं शब्द पाळला. तेवढं त्याला मानलं पाहिजे. उगाच कोपऱ्यात उभा असलेला कूलर त्यानं टेम्पोत घालून रिनाच्या माहेरी, सिंदेवाहीला पाठवून दिला. "मायले लागतच नाई तं ठेवून काय करू?" तो म्हणाला. आणि बाहेरचं ते जुनं कूलरचं स्टँड कापून, त्याच लोखंडाची कुंड्या ठेवायची फळी खिडकीला जोडायला त्यानं वहाबभाऊलाच बोलावलं.

वहाबभाऊनं वेल्डिंग केलं. ठिणग्या उडाल्या, फळी बसली, आणि चाळीस साल कूलर लावणाऱ्या माणसानं आयुष्यात पहिल्यांदा कूलरची जागा कायमची बंद केली. मग तो हात धुऊन चहाला बसला. रशिदा आली. खालच्या मजल्यावरच्या दोघी-तिघी हे नवल पाहायला वर आल्या. रिनानं पोहे केले. मीराबाई खिडकीखाली भिंतीला टेकून, पाय लांब करून बसली, आणि गबरू डोक्यावर नव्या फळीवर राजासारखा.

"पन खरंच वो बाई," खालची एक जण म्हणाली, "झेपलं कसं तुमाले?"

इथं मीराबाईनं थांबायला हवं होतं. खिडकी तिची झाली होती, फळी पक्की होती. पण समोर ऐकणारे होते, हातात पोहे होते.

"झेपलं म्हन्जे? मी तं थंडीनं हैरान होती," ती म्हणाली. "हा गबरू सकाळी किती ऊन घ्याचं ते बराबर जाणते. तेवढंच पिते, आन दुपारी त्याचं गार करून सोडते. एक दिवस मी गोधडी काढली, विचारा रिनाले!"

रिनानं खरंच कपाटातली गोधडी विसकटलेली पाहिली होती. ती मान हलवू लागली.

"नवतप्यात तं हद झाली. तिवईवर पान्याचा गिलास ठेवला, दुपारी पायते तं वर बरफाची पापडी!"

"अगं बाई!"

"दुसऱ्या साली आमच्या घरीबी एक देजा," दुसरी म्हणाली. "आमचा कूलरबी विकून टाकतो."

वहाबभाऊचा चहाचा कप ओठांपाशी थांबला. रशिदानं ओढणीचा बोळा तोंडात कोंबला आणि छताकडं पाहू लागली. कुलदीप मात्र छाती काढून बसला होता.

"माय, सांग ह्यांले. एक झुळूक तरी घेतली का?"

"एक झुळूक?" मीराबाईनं उजवा हात वर केला, थेट गबरूच्या कपाला लावला. "होळीपासून आजच्या दिवसापर्यंत कूलरच्या हवेचा एक कन जरी माह्या अंगाले लागला असन, तं ह्या गबरूची शपथ, याचं पान अन् पान गळून—"

"ओ बाई, थांबा! झाडाची शपथ नका घेऊ, गरीब हाये ते!" वहाबभाऊनं कप खाली आपटला आणि तिच्या लांब केलेल्या पायांकडं बोट दाखवलं. "मंग नवतप्यात माह्या घरी, माह्या मोठ्या कूलरपुढं, तोंडावर पदर घेऊन घोरत कोन होतं? मी मोटार न्यायले आलो, वाटलं वरोऱ्याहून सासू आली! डरून चप्पल हातात घेतली आन अख्खी दुपार चौकात उन्हात बसलो! तोंड नाई दिसलं मले, पन पाय हेच होते!"